पोटमाळ्याखालचं दार

चष्म्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचा डोळ्यांशी तसा काही संबंध नसतो. तिचा संबंध सुट्ट्या पैशांशी. पण वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या माणसाच्या पदरात काही ना काही पडतंच. काकूंच्या पदरात अक्षरांचा तक्ता पडला. गल्ल्याला लागूनच तपासणीची खुर्ची होती. तीत बसून गिऱ्हाईक समोरच्या भिंतीवरचा तक्ता मोठ्यानं वाचायचं. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळेच विद्वान असत. पाचवीला माणसं खुर्चीतून पुढं झुकत, आणि शेवटच्या ओळीला भली भली माणसं राजरोस थापा मारत. काकूंचे यजमान प्रत्येक ओळीनंतर नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"च्या तालावर काकूंना तक्ता पाठ झाला. तो त्यांनी मुद्दाम केला नव्हता. शेजारच्या घरातलं नेहमीचं भांडण पाठ होतं, तसा झाला.

काकू हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं आणि यजमानांना चष्मेवाले हे नाव दुकानाच्या पाटीनं. दोघांनीही ते तक्रार न करता घेतलं.

त्यांचं पहिलं घर बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल, कपाट आणि त्यांच्यामधून वाट काढण्याची कला. आतल्या खोलीत स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारावर आधीच्या मालकानं एक पोटमाळा काढून ठेवला होता, तो इतका खाली की दाराची चांगली हातभर उंची त्यानं खाऊन टाकली होती. काकू उंच. चष्मेवाले जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. लग्न ठरताना यावरून दोन्हीकडच्या मंडळींनी पुरेशी करमणूक करून घेतली होती. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी काकू भांड्यांची पाटी घेऊन आत निघाल्या आणि पोटमाळ्याची कड कपाळात बसली. भांडी जिन्यापर्यंत गेली, काकू मटकन खाली बसल्या. चष्मेवाले त्याच दारातून मान ताठ ठेवून आत-बाहेर करत ओला फडका शोधत राहिले. तो सापडल्यावर कपाळावर दाबून धरत ते म्हणाले, "हे पहिलं घर आहे गं. पुढचं तुझ्या उंचीचं घेऊ. स्वयंपाकघराला खिडकी असलेलं."

नवरे अशी वाक्यं बोलतात आणि विसरतात. चष्मेवाल्यांचा दोष एवढाच, की ते विसरले नाहीत.

त्यानंतर काकूंचं कपाळ कधी आपटलं नाही. त्या दाराशी आल्या की मान आपोआप खाली जायची आणि पलीकडे गेल्यावर आपोआप वर यायची. पाहुणे आपटत, दूधवाला आपटला, नंतर सूनही आपटली. आल्या-गेल्याची मान वाकवून घेणारं घर आहे आमचं, असं चष्मेवाले मोठ्या कौतुकानं सांगत. त्यांचं काय जात होतं सांगायला!

काकूंची नजर जायला लागली ती कडांपासून. शेजारून येणारं माणूस एकदम समोर उगवायला लागलं. मग टेबलावरचा पेला दिसेना, आणि शोधत हात फिरवला की तो पडायचा. डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, पाणीही येत नव्हतं. इतकं सभ्य दुखणं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माहेरी जाते असं सांगून त्या वहिनीला घेऊन परस्पर डोळ्यांच्या इस्पितळात गेल्या. काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. त्यांनी थेंब दिले. उशीर झाला, हेही त्यांनी सांगितलं. घरी चष्मा कोण बनवतं हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

नवऱ्याला त्याच दिवशी सांगायचं असं काकूंनी येताना बसमध्ये ठरवलं होतं. पण चष्मेवाल्यांनी त्याच आठवड्यात दुकानाला मोठी पाटी लावली होती आणि दिवसभर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ते ती पाहत होते. बाजारात दुसरं दुकान निघालं होतं. बाजाराची जीभ काकूंना ठाऊक होती. स्वतःच्या बायकोचे डोळे राखता आले नाहीत तो आमचे काय राखणार, हे वाक्य कोण कोणत्या टपरीवर उभं राहून बोलेल, तेही त्या सांगू शकल्या असत्या. म्हणून त्यांनी आठवडाभर थांबायचं ठरवलं. इथंच चुकलं. आजची गोष्ट आज सांगितली तर एकच सांगावी लागते. ती वर्षभर लपवली की दोन होतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा जड असते. थेंबांची बाटली शिवणाच्या डब्यात, बटणांखाली राहिली.

चष्मेवाले वर्षातून एकदा, दुपारी गिऱ्हाईक नसताना काकूंचे डोळे तपासत. घरच्या माणसाची तपासणी फुकट असते आणि सगळ्यांच्या शेवटी असते. त्या वर्षी काकू खुर्चीत बसल्या, पहिली ओळ खरोखर वाचली, दुसरीही वाचली, आणि तिसरीपासून तोंड डोळ्यांच्या पुढं धावायला लागलं. फसवायचं असं मनात नव्हतं. पण "हं" येत गेलं आणि अक्षरं निघत गेली. शेवटची ओळ संपल्यावर चष्मेवाले म्हणाले, "या वयात अशी नजर! तुझ्यावर धंदा चालवायचा तर उपाशी मरू आपण." काकू हसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पहिली ओळही पाठच म्हटली.

मग नोटा ओळखायला जड जाऊ लागल्या तेव्हा गुडघे दुखतात म्हणून काकूंनी गल्ला सोडला. गुडघ्यांनी जन्मात कधी तक्रार केली नव्हती, पण बदनामी त्यांची झाली. चष्मेवाल्यांनी त्यांच्यासाठी तेल आणलं. काकू ते इमानेइतबारे गुडघ्यांना चोळत.

घरात काही अडत नव्हतं. कपाटाची कड संपली की टेबलाचा कोपरा, तो मांडीला लागला की डावा हात भिंतीवर, भिंत संपली की मान खाली, आणि मान वर केली की समोर ओटा. डब्यांची जागा ठरलेली, चमच्यांची ठरलेली. काकूंच्या हातून काही सांडत नसे. शेजारच्या बाई म्हणत, तुमचं घर किती नीटनेटकं, एक वस्तू इकडची तिकडे नाही. काकू म्हणत, सवय आहे. ती खरोखर सवयच होती, फक्त कशाची ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या घराचा विषय मुलानं काढला. तो दूरच्या शहरात होता आणि हिशेबाच्याच नोकरीत होता. पहिल्या घराचं कर्ज केव्हाच फिटलं होतं आणि मधल्या वर्षांत बाजाराच्या मागचा तो रस्ता भलताच महाग झाला होता. फोनवर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पैशावर बसलायत." चष्मेवाले त्या वेळी पलंगावर बसले होते, त्यांनी गादीकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण दोन खोल्यांत राहतो अशी त्यांची समजूत होती. आपण भांडवलात राहतो, आणि तेही झोपलेल्या भांडवलात, हे कळल्यावर त्यांची झोप उडाली.

बँकेतल्या साहेबांनी युक्ती समजावून दिली, आणि ती इतकी सरळ होती की चष्मेवाल्यांना आपण आधी का केली नाही याचीच लाज वाटली. जुनं घर तारण ठेवायचं. त्यावर जी रक्कम मिळेल ती नव्या घराला आधी द्यायची, उरलेल्याचे हप्ते बांधून घ्यायचे. नवं घर हातात आलं की जुनं सावकाश, चांगल्या भावानं विकायचं आणि तारण सोडवायचं. जिना चढताना माणूस एक पाय खालच्या पायरीवर ठेवतो ना, तसं, साहेब म्हणाले. काकूंनी एकच प्रश्न विचारला: दोन्ही घरं ठेवता नाही का येणार? साहेब हसले, आणि बायकांचा जीव घरात अडकतो असं त्यांनी चष्मेवाल्यांना सांगितलं. सह्या करायच्या जागेवर ते नखानं टकटक करत गेले. काकूंनी त्या टकटकीच्या रोखानं सह्या केल्या. सगळ्या ओळीवर आल्या.

काही महिने दोन्ही घरं त्यांची होती. रोज सकाळी काकू ठरवत, की आज सांगायचं. अजून काही बिघडलं नव्हतं. जुनं विकलं नव्हतं, नवं सोडून देता आलं असतं. पण संध्याकाळी चष्मेवाले येत ते हातात रंगांचे नमुने घेऊन, आणि नव्या घराच्या दारांची उंची सांगत. ते कधी कुठल्या गोष्टीबद्दल इतकं बोलत नसत. लग्नातही बोलले नव्हते. एका रविवारी ते काकूंना नवं घर दाखवायला घेऊन गेले, सगळ्या खोल्यांतून हाताला धरून फिरवलं, कारण फरशीवर रंगाचे डबे होते, आणि स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. खिडकीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बघ," ते म्हणाले.

जिकडून वारा आला तिकडे तोंड करून काकू म्हणाल्या, "छान आहे हो."

चष्मेवाल्यांनी खिडकी मिटली आणि पुन्हा उघडली, वारा पुन्हा यावा म्हणून. अशा माणसाला काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची? काकूंनी त्या दिवसापासून ठरवणं सोडून दिलं.

जुनं घर एका नव्या जोडप्यानं घेतलं. त्यांचंही पहिलंच. त्यातली मुलगी पोटमाळ्याला आपटली आणि चष्मेवाले सवयीनं म्हणाले, हे घर मान वाकवून घेतं बरं का. मग त्यांना आठवलं, की घर आता आपलं राहिलं नाही. तारण सुटलं. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं, आता दोन्ही पाय वरच्या पायरीवर म्हणाले.

नवं घर खरोखर मोठं होतं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, ओटा पांढरा. चष्मेवाल्यांना उजेडाची हौस. काकूंना जो काही धूसर उजेड उरला होता त्यात हे सगळं घर दुधात बुडाल्यासारखं झालं. हात पसरला तरी भिंत लागत नसे. पलंगावरून उठून त्या चालायला लागत आणि वाटेत कुठंच काही येत नसे. अडखळायलाही काही नाही, याची भीती किती मोठी असते हे त्यांना तिथं कळलं. पहिले काही दिवस त्यांनी खुर्चीत बसून काढले. गुडघे, त्या म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी तेलाची दुसरी बाटली आणली. मुलानं फोनवर विचारलं, कसं वाटतंय मोठं घर? ऐसपैस, काकू म्हणाल्या. सून म्हणाली, सासूबाई, स्वयंपाकघरात फिरायला जाता येत असेल आता. काकूंनी मनापासून दाद दिली. त्या घरात विनोद तेवढा हाताला लागण्यासारखा होता.

दिवाणखान्यातून गच्चीवर जायला चष्मेवाल्यांनी काचेचं दार करून घेतलं होतं, अखंड काचेचं, मधे पट्टीसुद्धा नाही. काच आणि त्यांचं जन्माचं नातं, त्यामुळं ती स्वतः निवडलेली. उजेड जास्त जिथं, तिथं मोकळं असणार अशा हिशेबानं काकू एका दुपारी उजेडाकडे चालत गेल्या.

आवाज ऐकून चष्मेवाले धावत आले. कपाळावर, जुन्या घरानं पहिल्या दिवशी जिथं खूण केली होती जवळजवळ तिथंच, टेंगूळ आलं होतं. ओला फडका शोधायला त्यांना या वेळी पुष्कळ चालावं लागलं. नवीन आहे, सवय नाही, काकू म्हणाल्या. घराचं काही नाही, नंबर वाढलाय तुझा, चष्मेवाले म्हणाले, आणि घराच्या गडबडीत या वर्षी तपासणी राहून गेली याबद्दल त्यांनी स्वतःलाच शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ते काकूंना दुकानात घेऊन गेले.

दुकानात रंगाचा वास होता. घर झालं म्हणून दुकानही उजळून घ्यायचं चष्मेवाल्यांनी काढलं होतं आणि रंगारी जेवायला गेला होता. काकू सवयीनं गल्ल्याला वळसा घालून खुर्चीत बसल्या. इथं त्यांना कुणाच्या हाताची गरज नव्हती. नाकावर तपासणीची जड चौकट बसली. उजव्या डोळ्यापुढं झापड आली. दिव्याचं बटण वाजलं, आणि काकूंनी सुरुवात केली.

पहिली ओळ झाली. "हं" आलं नाही. रंगामुळं घसा धरला असेल असं वाटून काकू पुढं गेल्या. दुसरी, तिसरी. पाचव्या ओळीला गिऱ्हाइकं अडखळत त्या अक्षराशी त्या थोड्या थांबल्या. तेवढी कला त्यांनी इतक्या वर्षांत कमावली होती. शेवटची ओळ त्यांनी हळू, एकेक अक्षर शोधल्यासारखी म्हटली. मग त्या थांबल्या. रस्त्यावरून हातगाडी गेली.

"झालं?" चष्मेवाल्यांनी विचारलं. आवाज खुर्चीच्या मागून आला नाही, समोरून, भिंतीजवळून आला.

"झालं."

"तक्ता खाली काढून ठेवलाय," ते म्हणाले. "रंगासाठी. टांगायलाच आलो होतो. भिंत कोरी आहे."

काकूंनी चौकट उतरवून मांडीवर ठेवली. ती कुठं ठेवायची हे त्यांना ठाऊक होतं, डाव्या हाताला, मखमलीच्या पेटीत. पण ती मांडीवरच राहिली.

"कधीपासून?"

काकूंनी विचार केला. वर्षं सांगण्यात अर्थ नव्हता. त्या म्हणाल्या, "नातू झाला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला मी. नाक तुमचं आहे. पुढच्या खेपेला त्याला घेऊन आले तेव्हा नुसता आवाज मोठा झाला होता."

 चष्मेवाल्यांनी खिशातला काच पुसायचा फडका काढला आहे आणि ते काहीतरी पुसताहेत, एवढं काकूंना आवाजावरून कळत होतं. पुसायला तिथं काही नव्हतं.

"घर विकताना तरी बोलायचंस."

"तुम्ही मला खिडकी दाखवत होतात," काकू म्हणाल्या.

रंगारी परत आला तेव्हा दोघं तशीच होती. काका, दुसरा हात मारू का, त्यानं विचारलं. मार, चष्मेवाले म्हणाले.

मग ते सगळं झालं जे अशा वेळी होतं. मोठे डॉक्टर झाले, त्यांच्याहून मोठे झाले. मोठेपणानुसार थांबण्याचा वेळ वाढत गेला आणि उत्तर तेच राहिलं. शेवटच्या डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना त्यांचा व्यवसाय विचारला, आणि ते म्हणाले, किरकोळ दुकान आहे. परत येताना रिक्षात त्यांनी काकूंचा हात धरला. रागावले असते तर काकूंना सोपं गेलं असतं. वर्षानुवर्षं तयार करून ठेवलेली उत्तरं तशीच शिल्लक राहिली.

जुनं घर परत घ्यायचं, हे चष्मेवाल्यांनी चार-सहा दिवसांनी जाहीर केलं. मुलानं फोनवर हिशेब करून दाखवला. वर चढताना जो व्यवहार शहाणपणाचा होता तोच उतरताना वेडेपणाचा ठरत होता: नवं विकताना तूट, मोडलेल्या कर्जाचा दंड, आणि जुन्याचा भाव आता जोडपं सांगेल तो. दुकान गहाण टाकू, चष्मेवाले म्हणाले.  मुलानं आईला फोन द्यायला सांगितला आणि सवयीनं तिच्या गुडघ्यांची चौकशी करून बसला.

दोघं एका सकाळी जुन्या घरी गेली. जिन्याला काकूंनी चष्मेवाल्यांचा हात सोडला. इतक्या दिवसांत प्रथमच त्या पुढं होत्या आणि ते मागं. कुठल्या पायरीचा टवका उडालेला आहे हे पायाला माहीत होतं. दार त्या मुलीनं उघडलं आणि तिला मनापासून आनंद झाला. या ना काकू, आत या, बघा काय काय केलंय आम्ही.

काकू आत गेल्या. उंबऱ्यापासून चार पावलं सरळ, मग कपाटाची कड. कड आली नाही. सामान वेगळं असणारच. टेबलाचा कोपरा आला नाही. काकूंनी भिंतीसाठी डावा हात पुढं केला. हात गेला, आणखी गेला, खांदा गेला, आणि काकू एका बाजूला झुकल्या. हाताला भिंत लागली नाही. दार जिथं होतं तिथं त्यांची मान खाली गेली आणि पुन्हा वर आली.

मुलगी हसली, पण चांगल्या मनानं. "काकू, काढला तो पोटमाळा. सगळ्यांना लागायचा हो. आणि मधली भिंतही पाडली, एकच मोठी खोली केली. मोकळं वाटतं की नाही?"

"मोकळं वाटतं," काकू म्हणाल्या. हात अजून तसाच पुढं होता. तो त्यांनी हळूच मागं घेतला आणि केस सारखे केले.

मुलीनं चहा केला. चष्मेवाल्यांनी भिंतींच्या रंगाचं कौतुक केलं. इकडून चाललो होतो, सहज आलो म्हणाले, आणि कपाकडे पाहत राहिले. ज्या कामाला आले होते त्याचा शब्द निघाला नाही. जिना उतरताना काकूंनी त्यांचा हात धरला होता.

"विचारलं नाहीत."

"काय विचारू," चष्मेवाले म्हणाले. "त्यांच्याकडे नाहीये ते घर."

त्यानंतरच्या रविवारी चष्मेवाल्यांनी दुकानातून खडू आणला. दिवाणखाना त्यांनी रिकामा करून ठेवला होता. सोफा, काचेचं टेबल, सगळं आतल्या खोल्यांत ढकललं होतं. काकूंना त्यांनी दारात आणून उभं केलं आणि आपण जुन्या घरात शिरतो आहोत असं समजून चालायला सांगितलं.

"डोळे मीट आणि चाल."

"डोळे मिटायची काय गरज आहे हो," काकू म्हणाल्या. किती दिवसांनी चष्मेवाल्यांच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. मग तो बदलला, म्हणून काकूंनी चालायला सुरुवात केली.

सरळ, कपाटाशी, वळून टेबलाच्या कोपऱ्याशी, भिंतीच्या कडेनं. काकू चालत होत्या आणि चष्मेवाले मागून वाकून, धापा टाकत फरशीवर रेघ ओढत येत होते. पांढऱ्या फरशीवर पांढरा खडू दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी जाऊन निळा आणला. संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात जुनं घर काढून झालं. ते एका कोपऱ्यात मावलं आणि वर जागा उरली.

मग रेघांवर सामान आलं. अडगळीत पडलेलं जुनं कपाट, जुनं टेबल. भिंतीच्या जागी सुतारानं लाकडी आडोसा उभा केला. एवढ्या मोठ्या घरात हा खुराडा कशाला, असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्यांनी त्याला माप सांगितलं. आडोशात दारापुरती फट ठेवली. फटीपलीकडे जुन्या ओट्याच्या उंचीचं लाकडी टेबल आणि त्यावर शेगडी. डबे कसे ठेवायचे ते काकूंनी सांगितलं. काचेच्या दाराला जाड पडदा लागला, म्हणजे ते दार आता दार राहिलं नाही.

आता ती दोघं तिथं राहतात. बाकीच्या खोल्यांचे हप्ते नियमित जातात. चष्मेवाले दर रविवारी त्या झाडून घेतात आणि दारं ओढून घेतात. खिडकीच्या स्वयंपाकघरात भांडी तेवढी घासली जातात, आणि ती चष्मेवालेच घासतात. घासता घासता ते बाहेर काय दिसतं ते ओरडून सांगतात. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात. एक म्हातारा झाडांना पाणी घालतोय आणि खालच्या माणसांनाही घालतोय. काकू आडोशाच्या अलीकडून ऐकतात आणि मधेच विचारतात, चादरी कुठल्या रंगाच्या. त्यांना ठाऊक आहे की काही वेळा समोर काही नसतं आणि ते मनानंच सांगतात. त्या "हं" म्हणतात.

टेबलाचा कोपरा बोटभर पुढं आला आहे, तो मांडीला जरा जास्त लागतो. काकूंनी ते सांगितलेलं नाही.

आडोशाच्या त्या दारावर काहीच नाही. वर छत आहे, उंच, पांढरं, चष्मेवाल्यांनी पसंत केलेलं. तरी काकू तिथं आल्या की त्यांची मान खाली जाते आणि पलीकडे गेल्यावर वर येते. पहिल्याच दिवशी ते चष्मेवाल्यांनी पाहिलं होतं.

परवा काकू टेबलापाशी बसून शेंगा सोलत होत्या. चष्मेवाले दुकानातून आले, चपला काढल्या, कपाटाच्या कडेनं, टेबलाला वळसा घालून आत निघाले. त्यांच्या पावलांचा आवाज काकूंना तोंडपाठ आहे. दारापाशी तो थांबला. कपड्यांची सळसळ झाली, पाठीचं एक हाड कुरकुरलं, आणि मग पावलं पुढं आली. जुन्या घरात त्या दारातून जन्मभर मान ताठ ठेवून गेलेला माणूस खाली वाकून आत आला होता.

काकूंनी शेंगांचं ताट थोडं सरकवून त्यांना बसायला जागा केली.